पेटीवरचं विरजण

फोन आला तेव्हा मी विरजण लावत होते. दुपारचं दूध कोमट झालं होतं. त्यात चमचाभर दही घालून ढवळत होते आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. रंजनाच्या ऑफिसातल्या जोआनाचा फोन. तिनं आधी विचारलं, "मावशी, घरी कोण आहे तुमच्यासोबत?" मी म्हटलं, "हे आहेत, झोपलेत." तिच्या मागे कुणीतरी मोठमोठ्यानं पत्ता सांगत होतं, लिफ्टची बेल वाजत होती. नंतर तिनं सांगितलं. रंजना चहाचा कप घेऊन जागेवर येत होती, कप टेबलावर नीट ठेवला, डोकं धरून खाली बसली, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" एवढंच म्हटलं. फोन ठेवला, पातेल्यावर ताटली झाकली, रोजच्यासारखं ते रंजनाच्या खोलीत नेऊन तिच्या पेटीवर ठेवलं, वरून टॉवेल गुंडाळला आणि मग ह्यांना उठवायला गेले. आता आठवलं की वाटतं, आधी ह्यांना उठवायला हवं होतं. पण दूध निवून गेलं असतं.

रंजना माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही तिनं, आमच्याजवळच राहिली, म्हणजे खरं तर मुलुंडची ही जागा तिनं घेतली आणि आम्ही दोघं तिच्याजवळ राहिलो. ती कॉम्प्युटरचं काम करायची. अंधेरीला ऑफिस होतं, पण जायची कधीतरीच, बाकी सगळं घरून. तिच्या खोलीत लॅपटॉप होता तो ऑफिसचा, आणि एक काळी लोखंडी पेटी होती, पाटावर ठेवलेली, गुडघ्याएवढी उंच, आत पंखा असलेली, शेजारच्या टेबलावर तिचा पडदा. ती तिची स्वतःची. आम्ही तिला पेटीच म्हणायचो. त्या सकाळी ती निघताना पायात चपला घालता घालता मला म्हणाली, "वहिनी, पेटी बंद करू नको हं. चाचणी लावलीय. हिरवे ठिपके येत राहतील, ते येऊ देत. लाल ओळ दिसली तर मला फोन कर."

"आणि लाइट गेली तर?"

"खाली बॅटरी आहे तिची. तू फक्त कुणाला हात लावू देऊ नको."

"किती दिवस चालणार?"

"मी सांगते ना," असं म्हणून ती गेली. जिन्यात कुणाशी तरी हसून बोलल्याचा आवाज आला. तेच शेवटचं.

रात्री तिला घेऊन आले, सकाळी नेलं. माणसं आली, घाटकोपरची, माहुलची, गावाकडची. मी चहा करत होते. चहा करायला किती बरं असतं, हात चालू राहतात. रडू येत नव्हतं. बायका माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा एकमेकींकडे बघायच्या. जलदानविधीच्या दिवशी तर घर इतकं भरलं की रंजनाच्या खोलीतही चटया टाकल्या. आणि त्या सगळ्यात पेटी चालूच होती. पडद्यावर हिरवे ठिपके, एकामागून एक, ओळ भरली की खाली दुसरी ओळ. माहुलची काकी, म्हणजे ह्यांची चुलती, तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिच्या तोंडाचा पट्टा कुठंही बंद नसतो.

"अगं, हे काय घुं घुं लावलंय? बंद कर की. पोराला मोबाइल पण लावायचाय तिथं."

मी म्हटलं, "नको काकी. रंजनानं बंद करू नको म्हटलंय."

"मग? रंजना येणारे का विचारायला?"

काकीला लगेच कळलं आपण काय बोललो ते. तिनं पदर तोंडाला लावला. मी दुसऱ्या खोलीतून वायरीचा बोर्ड आणून दिला आणि म्हटलं, "मोबाइल ह्याच्यावर लावा." पाहुणे गेले. पेटी चालू राहिली.

ह्यांना मात्र ती सहन होईना. हे साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते, जन्मभर त्या खडखडाटात काढला, तेव्हा आवाजाचं काही नव्हतं. एकदा जेवताना ताटावरून उठून म्हणाले, "ती आत बसलीय असं वाटतं मला. हाक मारावीशी वाटते जेवायला. बंद कर ना ते."

"ती सांगेल तेव्हा," मी म्हटलं.

"काय बोलतेस तू? शुद्धीवर आहेस का?"

मी शुद्धीवर होते. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं, तिला आंघोळ मीच घातली होती. पण 'मी सांगते' म्हणाली आणि सांगितलं नाही, मग मी कशाच्या जोरावर बंद करू? हे मला ह्यांना नीट सांगता आलं नाही. आत्ताही लिहिताना नीट येत नाहीये. हे कुणाला दाखवायचं नाहीये म्हणून आहे तसंच लिहिते.

मी लग्न होऊन वाशिमकडून घाटकोपरला आले तेव्हा रंजना सातवीत होती. डोंगरावरची वस्ती, वरच्या अंगाला एकच नळ, पाणी पहाटे यायचं. आदल्या संध्याकाळीच रांगेत हंडे लावून ठेवायचे, हंडा म्हणजेच तुम्ही. त्याला खूण म्हणून चिंधी बांधायची. पाणी आलं आणि तुमच्या हंड्याची पाळी आली तेव्हा तुम्ही हजर नसाल तर मागची बाई पायानं तो बाजूला सारायची, आणि मग भांडण. मला तर त्या नळावर जायची धास्तीच वाटायची, मी नवीन, बोलता येत नव्हतं. रंजना सोबत यायची. एवढीशी पोरगी, पण नळावरच्या बायांना सांगायची, "हंडा सारू नका. मागच्यानं भरून बाजूला ठेवायचा. त्याचं पाणी त्याला, तुमची पाळी तुम्हाला." बाया म्हणायच्या, "मोठी आली कायदा करणारी!" पण हळूहळू तसंच व्हायला लागलं, कारण भांडणापेक्षा ते सोपं होतं.

भागाबाई म्हणून एक म्हातारी होती, एका पहाटे तिचा हंडा रांगेत होता आणि म्हातारी रात्रीच गेलेली. नळावर कळलं तेव्हा हंड्याची पाळी आली होती. बायका नुसत्या बघत राहिल्या. कुणी म्हणे सारा बाजूला, कुणी म्हणे हात लावू नका. रंजनानं तो नळाखाली ओढला, भरला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, एका बाजूनं धर. त्यांना पाणी लागणारच आहे आज." आम्ही दोघींनी तो भागाबाईच्या दारात नेऊन ठेवला. तिच्या सुनेनं दार उघडलं, हंड्याकडे बघितलं आणि तेव्हा ती पहिल्यांदा रडली. रंजना परत येताना म्हणाली, "आता तो हंडा उद्या लावायचा नाही, हां. पण आजचा भरायला पाहिजे होता."

पुढे ती शिकत गेली. मला त्यातलं काही कळायचं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, वाचायला मराठी येतं, इंग्रजी अक्षरं म्हणजे नुसती नक्षी. पण रंजनाला मला सांगायची फार हौस. ऑफिसातल्या लोकांना काय सांगायचं, त्यांना आधीच माहीत असतं, म्हणायची. पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभी राहायची आणि सुरू करायची. तिचं काम कॉम्प्युटरच्या अगदी पोटातलं. कर्नल म्हणतात त्याला. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या आत पुष्कळ लटके कॉम्प्युटर राहतात, जशी एका इमारतीत बिऱ्हाडं. प्रत्येकाला वाटतं आपलं घर स्वतंत्र, आपला नळ आपला. पण पाणी वर चढवणारा माणूस खाली असतो, तो कुणाला दिसत नाही. लटक्या कॉम्प्युटरला काही बाहेर पाठवायचं असलं, आत घ्यायचं असलं, की हा खालचा कामगार ते उचलून नेतो. तो माणूस नसतो अर्थात, तोही प्रोग्रामचाच एक धागा, पण रंजना त्याला कामगारच म्हणायची. बिऱ्हाडानं हा कामगार मागायचा कसा, एक मागायचा की चार, कुठलं काम कुणाकडे द्यायचं, त्याच्या कष्टाचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा, आणि त्याला रजा कशी द्यायची... ह्याची रीत ठरवणं हे रंजनाचं काम.

मी एकदा म्हटलं, "एवढंच? आणि त्याला वर्ष?"

"अगं, लग्नाच्या बोलणीला किती दिवस लागतात? आणि लग्न तरी मोडता येतं. ही रीत एकदा जगाला दिली की मोडता येत नाही. कोण कुठं ती धरून बसलंय आपल्याला माहीतच नसतं. चुकीची दिली तरी जन्मभर सांभाळायची."

"चुकीची असली तरी?"

"तुझ्या दह्याचं काय झालं मग?"

ते दह्याचं सांगायला हवं. मुलुंडला थंडीत डोंगराचा गारवा उतरतो, दही लवकर लागत नाही. पेटी वरून कायम कोमट असते. एका थंडीत मी तिला न विचारता विरजणाचं पातेलं पेटीवर ठेवायला लागले आणि दही असं लागायचं की उलटं केलं तरी पडू नये. रंजना हसायची, पण काही बोलली नाही. मग तिनं नवी पेटी आणली, छोटी, पांढरी, आवाज नाही, गरम होत नाही. खूप खुश होती तिच्यावर. दोन-तीन दिवस माझं दही लागलंच नाही. मी काही बोलले नाही, पण जेवताना हे म्हणाले, "हे काय, पाणी वाढलंस?" रंजनानं वाटीत बोट घातलं, चाटलं आणि काय झालं ते तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी बघते तर नवी पेटी खोक्यात आणि जुनी पुन्हा पाटावर. मी म्हटलं, "अगं, वेडी का तू? दह्यासाठी?" तर म्हणाली, "पेटी काय दही लावायला केलेली नाही, खरंय. पण तू लावायला लागलीस ना? आता ते मोडायचं नाही. वापरणाऱ्याचं कधी मोडायचं नाही, आमच्यात हा पहिला नियम आहे." नवी पेटी तिनं जोआनाला देऊन टाकली. मला तेव्हा ती गंमत वाटली. तिला वाटली नव्हती.

तिचं काम सगळ्यांच्या देखत चालायचं. तिनं लिहिलेलं एका ईमेलच्या यादीवर पाठवायचं, ते जगभरातले लोक वाचणार आणि कुणीही उठून चूक काढणार. त्यात एक परदेशातला म्हातारा होता, त्याच्या होकाराशिवाय काही पुढे सरकायचं नाही. रंजना त्याला सासरा म्हणायची. "आज सासऱ्याचं पत्र आलं." "काय म्हणतो?" "मीठ कमी पडलंय म्हणतो." कधी कधी पाच-सहा वेळा परत पाठवायचा. ती चिडायची, खोलीचं दार लावून घ्यायची, आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणायची, "बरोबर आहे गं त्याचं, वाट लागली असती." त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचे काही महिने ती एकाच गोष्टीवर अडली होती. पूर्वी तो कामगार कुणाचाच नव्हता, इमारतीचा होता. मग असं ठरलं की तो ज्या बिऱ्हाडासाठी राबतो त्याच बिऱ्हाडाचा धरायचा, म्हणजे हिशेब नीट राहतो. ते सगळ्यांना पटलं. पण त्यातून नवीनच निघालं. बिऱ्हाडाचा मालक एकदम मारला गेला तर? कॉम्प्युटरमध्ये असं रोज होतं म्हणे, एका हुकमात संपवतात. मग त्याचा म्हणून कामगारही त्याच क्षणी संपणार. पण त्याच्या हातात पोतं असेल तर? त्या पोत्याची वाट बघत दुसरं कुणी थांबलेलं असेल, ते तसंच थांबून राहणार, कायमचं. रंजनाचं म्हणणं, मालक गेला की कामगारानं नवीन काम घ्यायचं नाही, पण हातातलं खाली ठेवायचं, जे जे वाट बघतायत त्यांना कळवायचं आणि मग आपणही जायचं. सासऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांबचा विचार नको, असं घडत नाही. जोआनाचं आणखी तिसरंच, तो कामगार दुसऱ्या मालकाला देऊन टाकावा. त्या दोघी ह्याच ओट्यापाशी उभ्या राहून भांडल्यात, मी शेंगा सोलत होते.

"नाही गं," रंजना म्हणत होती. "दुसऱ्याचा कसा करशील त्याला? त्याच्याकडे पहिल्याच्या घराच्या चाव्या आहेत."

"मग काय, आवरून सावरून निघून जायचं बिचाऱ्यानं?"

"हो. आवरून सावरून."

मी म्हटलं, "माझ्या शेंगा खाऊ नका गं दोघी, भाजीला उरायच्या नाहीत."

त्या सकाळी लावलेली चाचणी ह्याचीच होती. पेटी आत खोटी बिऱ्हाडं मांडायची, त्यांना कामगार द्यायची, मालकाला मारायची आणि कामगार सगळं आवरून गेला की एक हिरवा ठिपका. आणि कुणी वाट बघत अडकून राहिलं तर लाल ओळ. रंग तिनं माझ्यासाठी लावले होते. "बाकी जगात कुणी असं करत नाही, काळ्यावर पांढरं वाचतात. पण तुला वाचावं लागू नये म्हणून केलंय," म्हणाली होती. एकट्या माझ्यासाठी.

विधी झाल्यावर काही दिवसांनी जोआना ऑफिसचा लॅपटॉप न्यायला आली. मरोळच्या जुन्या गावठाणातली मुलगी, आमच्यापेक्षा अस्सल मुंबईकर, मराठी अशी फटाफट बोलते की ऐकतच राहावं. त्या दिवशी मात्र हळू बोलत होती. तिनं सांगितलं, सासऱ्याचं पत्र आलंय. बरेच दिवस उत्तर नाही, तुम्ही बऱ्या आहात ना, घाई नाही, सवडीनं कळवा, असं. त्यांच्यात तशी पद्धत आहे, उत्तर आलं नाही तर हळूच एक टकटक करायची. पुन्हा उत्तर नाही आलं तर ते काम तसंच मागे पडतं, कुणी फेकत नाही, पण कुणी उचलतही नाही. जोआनानं त्याला कळवलं होतं. त्याचं उलट उत्तर दोन ओळींचं आलं. वाईट वाटलं, आणि ह्या कामगाराबद्दल ती माझ्याशी कधी सहमत झाली नाही, असं त्यात होतं. जोआनानं ते मला मराठीत सांगितलं आणि नाक पुसलं.

जाताना तिचं पेटीकडे लक्ष गेलं. "अय्या, हे अजून चालू आहे?"

"तिनं सांगितलं नाही बंद कर म्हणून."

ती ठिपक्यांकडे बघत उभी राहिली. मला वाटलं काकीसारखं काही म्हणेल. तर म्हणाली, "एक आठवडा चालवणार होती फक्त. चालू द्या मावशी. बघू."

ह्यांनी त्यानंतर मला काही म्हटलं नाही, पण रंजनाच्या खोलीवरून जाताना मान दुसरीकडे करायचे. रंजनाचा फोन मात्र त्यांनी जवळ ठेवला होता. बँकेचे आकडे येतात म्हणून रोज चार्ज करायचे आणि हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवायचे. मी रोज संध्याकाळी पातेलं पेटीवर ठेवायची, सकाळी उचलायची. असे दिवस चालले होते. कुणी विचारलं कशी आहेस, तर मी बरी आहे म्हणायची. आणि तसं बरंच होतं, काही दुखत नव्हतं. हात झोपी गेला की कसा होतो, आपलाच असतो पण टोचलं तरी कळत नाही, तसं.

मग एका सकाळी दही उचलायला गेले तर ठिपके थांबलेले. सगळ्या हिरव्याच्या खाली एक लाल ओळ.

मी पातेलं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. लाल दिसली तर फोन कर. मी माझा फोन घेतला आणि बोट आपोआप 'रंजना'वर गेलं, दाबलं, कानाला लावला. हॉलमध्ये वाजायला लागला. तरी माझ्या लक्षात आलं नाही... मी ती उचलेल म्हणून थांबले होते. तेवढ्यात हे आले. त्यांच्या हातात रंजनाचा फोन, वाजत असलेला, पडद्यावर 'वहिनी'. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुझाच आहे हा."

मी म्हटलं, "लाल ओळ आली."

फोन वाजून वाजून आपोआप थांबला. मग ते आत आले, त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्या खोलीत आले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जोआनाला कर."

जोआना डबासुद्धा न घेता निघाली होती. रंजनाच्या खुर्चीवर बसली नाही, पलंगाच्या कडेला बसून कीबोर्ड मांडीवर घेतला. बराच वेळ नुसतं वर-खाली वाचत होती. मी पोहे दिले, ते तसेच. मी विचारलं, "म्हणजे सासऱ्याचं चुकलं का? असं घडतं?"

"घडतं. पण त्याचंच नाही मावशी, तिचंही चुकलंय."

"रंजनाचं?"

"थोडंसं. कामगार हातातलं खाली ठेवून निघतो आणि नेमका तो दाराबाहेर पडत असताना कुणीतरी नवीन पोतं त्याच्या हातात कोंबतं. आता घ्यायचं नाही हे त्याला माहीत आहे, पण देणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. लाखात एखाद्या वेळी. आठवडाभर चालवून हे दिसलंच नसतं." मग ती पडद्याकडे बघून म्हणाली, "काय गं तू पण! आधी दाराला कडी लावायची ना, मग आवरायला घ्यायचं!"

तिनं हे असं रागावून म्हटलं. इतके दिवस सगळे रंजनाला चांगलंच म्हणत होते. किती हुशार, किती प्रेमळ, घरासाठी किती केलं. मी ऐकून घ्यायची, पण ते सगळं फोटोला म्हटल्यासारखं वाटायचं. जोआना मात्र तिच्याशी भांडत होती. चुकलीस म्हणत होती. मी तिथंच पेटीजवळ खाली बसले. रडू आलं असं नाही म्हणता येणार. पण काहीतरी टोचलं तेवढं कळलं.

जोआनानं ते दुरुस्त केलं. आधी कडी, मग आवरणं, असा क्रम फिरवला, मला कळेल असं तिनं सांगितलं तेवढंच मी लिहिते. पेटीवर पुन्हा चाचणी लावली आणि मला म्हणाली, "आता लाल दिसली तर मला फोन." पुन्हा हिरवे ठिपके. हे आता दार उघडं ठेवायला लागले होते. येता-जाता बघायचे. "हिरवं आहे," स्वयंपाकघरात येऊन सांगायचे, मी विचारलं नसलं तरी.

जोआनानं ते यादीवर पाठवलं. लिहिणारी म्हणून नाव रंजनाचं, आणि खाली सही जोआनाची, कारण दुसऱ्याच्या नावानं सही करता येत नाही. सासऱ्यानं होकार दिला का, तर नाही, आधी प्रश्न विचारला. आतल्या अमुक एका भागाचं नाव जरा लांबलचक नाही का, म्हणे. जोआना फोनवर हसत होती का रडत होती कळेना. "मेल्यावरसुद्धा सोडत नाही हो हा माणूस!" मी म्हटलं, "मीठ कमी असेल, बघ." तिनं नाव आखूड करून पाठवलं आणि मग त्यानं घेतलं.

तो फोन दुपारी आला. "घेतलं मावशी. जगभर जाईल आता हळूहळू. पेटी बंद केली तरी चालेल."

"तू सांगतेस का?"

"हो. मी सांगते."

मी ह्यांना बोलावलं. पेटी बंद कशी करायची ते रंजनानं मला फार पूर्वी दाखवून ठेवलं होतं. वायर ओढायची नाही, बटण दाबून धरायचं नाही. एकदा दाबायचं आणि सोडायचं, आतलं सगळं आवरून ती आपली आपण बंद होते. मी एकदा दाबलं. ठिपके गेले, ओळी भराभर खाली धावल्या आणि शेवटच्या एका ओळीवर येऊन थांबल्या. तिथं एक लहानसा तारा इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिला.

"अडकली का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. एक काम राहिलंय तिचं. थांबा जरा."

आम्ही दोघं उभे राहिलो. मग पडदा काळा झाला आणि पंख्याचा आवाज उतरत उतरत गेला. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत होता, तो इतके दिवस ऐकू येत नव्हता. हे पलंगावर बसले, रंजनाच्या उशीवर हात ठेवून, आणि मोठ्यानं रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि पेटीवर, पातेल्याच्या बुडाचा जो गोल उमटलाय, त्याच्याकडे बघत होते.

संध्याकाळी मी दूध कोमट केलं, विरजण लावलं आणि पातेलं पेटीवर नेऊन ठेवलं. टॉवेल गुंडाळला. सवयीनं. त्या वेळी माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. सकाळी उचलायला गेले तेव्हा पत्रा हाताला गार लागला. ताटली काढली तर दूध होतं तसंच, चमचाभर दही तळाशी.

हे मागे येऊन उभे होते. वाकून बघितलं. "लागलं नाही."

"नाही."

त्यांनी पेटीच्या पत्र्यावर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "चालू करू का गं पुन्हा? तुझ्या दह्यापुरती..."

"नको," मी म्हटलं. पातेलं स्वयंपाकघरात नेऊन दूध पुन्हा कोमट केलं आणि उबेसाठी गव्हाच्या डब्यात खोल दाबून ठेवलं. दुपारपर्यंत लागलं, पातळसर. आम्ही तेच खाल्लं.